साडेपाचशे किलोंचं चीज आणि एक भिंत

नमस्कार श्रोतेहो. धर्म आणि राज्यकारभार वेगळे ठेवा, असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस नास्तिक असणार. मला मात्र एक चीज आठवतं. वजन १२३५ पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या वर!

साल १८०१. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात चेशायर नावाचं गाव. लोक बॅप्टिस्ट पंथाचे, उपदेशक जॉन लीलंड. त्या राज्यात कराच्या पैशातून पोसलं जायचं दुसऱ्याच पंथाचं चर्च. सूट हवी, तर आपला पंथ वेगळा असल्याचा दाखला द्या! अशात धर्मस्वातंत्र्याचे कैवारी थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले आणि गावाने ठरवलं, यांना चीज द्यायचं. (योग्यच केलं. भेट खाण्याजोगी असावी, मानचिन्हांनी नुसती कपाटं भरतात.) विरोधी फेडरलिस्ट पक्षवाल्यांच्या गायीचं दूध घ्यायचं नाही, असाही दंडक होता म्हणे. आता दूध फाडलं की पाणी निथळायला दाब द्यावा लागतो, हे तुम्ही जाणताच. पण एवढ्या गोळ्याला दाबणार कशाने? शेवटी सफरचंदं पिळायचा चरक कामी आला.

१ जानेवारी १८०२ रोजी चीज वॉशिंग्टनला जेफरसनपुढे ठेवलं गेलं. याला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही, हे गावकऱ्यांनी आवर्जून सांगितलं. कुणाला? ज्यांच्या शेतावर गुलामच राबत होते, त्या जेफरसनना! त्यांनी चीज फुकट घेतलं नाही, २०० डॉलर दिले.

त्याच दिवशी त्यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहिलं. चर्च आणि शासन यांना वेगळं ठेवणारी भिंत, हे त्यांचे गाजलेले शब्द त्याच पत्रातले. पुन्हा सांगतो, त्या भिंतीसाठी झटणाऱ्यांत हे श्रद्धाळू लोक होते. श्रद्धाळू! आणि गंमत बघा, दोनच दिवसांनी, रविवारी, लीलंड यांनी प्रवचन दिलं ते संसदेतल्या प्रतिनिधीगृहाच्या सभागृहात. समोर श्रोत्यांत जेफरसन. भिंतीचा गिलावा अजून ओलाच होता म्हणायचा.

राहिला प्रश्न नीतीचा. धर्म बाजूला ठेवला तर ती येणार कुठून? सॉक्रेटिसच्या तोंडी प्लेटोने एक प्रश्न घातलाय : देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देवांना आवडते? घाईने उत्तर देऊ नका. जेफरसनच्या काळी बायबल हातात घेऊन गुलामगिरीचं समर्थन करणारे होते आणि तेच बायबल घेऊन तिला विरोध करणारेही होते. मग कुठलं वचन मानायचं, हे त्यांनी कशावरून ठरवलं?

न्यायाची जाण धर्माच्याही आधीची असेल का? २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅपुचिन जातीच्या माकडिणींना खडा परत दिल्याबद्दल काकडी मिळायची, आणि त्या ती घ्यायच्या. मात्र त्याच कामाला शेजारणीला द्राक्ष मिळताना दिसलं की काकडी नकोशी व्हायची. त्यांना संपूर्ण नीतिशास्त्र कळतं असं नव्हे. पण आपल्यावर अन्याय होतोय, एवढं कळत असावं.

आणि हो, ते चीज. दोन वर्षांनीही ते पाहुण्यांपुढे येतच होतं. नमस्कार.