ज्याची त्याची वेळ

नमस्कार श्रोतेहो.

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, आषाढ लागला आणि पाऊस आता रोजचा झाला. या दिवसांत आपल्या घरात, बाल्कनीतल्या कुंड्यांत आणि शहराच्या थोडं बाहेर जे चाललेलं असतं, त्याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

छोटे छोटे आनंद कायम हाताशी असतात, मनात आलं की उचलून घ्यावेत, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. त्यांतला जवळजवळ प्रत्येक आनंद त्याच्या ठरलेल्या वेळी येतो आणि ती वेळ आपल्याला विचारून ठरत नाही. सवड काढून रविवारी बघू म्हटलं, तर रविवारपर्यंत तो थांबलेला नसतो. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपलं पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, आणि तेव्हापासून कितीतरी घरांत बातम्या लागल्या की दूध तापवायचं, बातम्या संपल्या की डबा भरायचा, हा क्रम चालत आला आहे. वेळ झाली की तिथे हजर असायचं, ही सवय तुम्हाला आहेच.

तूप कढवण्याचंच घ्या. आठवडाभर साठवलेली साय विरजायची, घुसळायची, लोण्याचा गोळा दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायचा आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचा. इथपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. पुढचं लोणी ठरवतं. आधी ते वितळतं, मग मोठ्याने तडतडायला लागतं, कारण त्यातलं पाणी उकळून निघून जात असतं. ही तडतड चालू आहे तोवर खुशाल भाजी निवडा, फक्त कान तिकडे असू द्या. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, फेस विरतो आणि खालचं दिसायला लागतं. आता शेगडीसमोरून हलायचं नाही. तळाशी बसलेला दुधाचा अंश पांढऱ्याचा बदामी होतो, आणि बदामीचा करपायला फार वेळ लागत नाही. त्या मधल्या थोड्या वेळात जो वास सुटतो, तो दार बंद असलं तरी जिन्यात पोचतो. तेवढ्यात विड्याचं पान टाकायचं, ते चुरचुरलं की गॅस बंद. मग हळूहळू गार होऊ दिलं की तूप छान रवाळ होतं.

पण मला बोलायचं आहे ते बेरीबद्दल. तूप गाळून घेतल्यावर पातेल्याला चिकटून राहिलेली ती तपकिरी, खमंग बेरी. पातेलं कोमट आहे तोवर तिच्यात चमचाभर साखर घालायची आणि मुलांना हाक मारायची. साखर अर्धवट विरघळते, थोडी दाताखाली कचकचते, आणि बेरीचा किंचित आंबट, किंचित भाजका स्वाद जिभेवर बराच वेळ राहतो. मोठी माणसं त्याच पातेल्यात गरम भात कालवून घेतात, कुणी बेरी कणकेत मळून पोळ्या करतं. पातेलं गार पडलं की बेरी घट्ट होते आणि तिची अर्धी मजा जाते. विकतचं तूप उत्तम असू शकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डब्याबरोबर बेरी येत नाही, आणि बेरी न चाखता मूल मोठं व्हावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. एवढ्या एका कारणासाठी अधूनमधून घरी तूप कढवा, असं मी आग्रहाने सांगेन.

आता बाल्कनीत येऊ. पावसाळ्यात गवती चहा जोरात वाढतो, तो कापत राहा आणि आल्याबरोबर चहात घाला, त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. मला थांबायचं आहे ते ब्रह्मकमळापाशी. आपण कुंडीत लावतो ते ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, निवडुंगाच्या कुळातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडाचं राज्यफूल, ते पूर्णपणे वेगळं झाड. पण पुण्यातल्या वाड्यांनी आणि सोसायट्यांनी या परदेशी निवडुंगाला असं काही आपलंसं केलं आहे, की ते पाहुणं आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. ते नर्सरीतून क्वचितच येतं. कुणीतरी पानाचा तुकडा देतं, तो दोन दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्यायची आणि पाण्याचा निचरा होईल अशा मातीत खोचायचा. मग दोन-तीन वर्षं नुसती पानंच बघायची. आपण ज्यांना पानं म्हणतो ती खरं तर चपटी झालेली खोडं, म्हणून तर त्यांच्या कडांना कळ्या येतात.

कळी खाली वाकलेली असते. फुलायच्या दिवसापर्यंत ती मान वर उचलते आणि टपोरी होते. त्या दिवशी दुपारीच शेजारी निरोप जातात, आज आमच्याकडे ब्रह्मकमळ आहे, या. अंधार पडला की कळीचं टोक सैल होतं. रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजेपर्यंत पाकळ्या इतक्या हळू सरकतात की सरकताना दिसत नाहीत, दोन घोट चहा पिऊन परत पाहिलं की फरक कळतो. मध्यरात्रीच्या सुमारास फूल पूर्ण उमलतं. ते पांढरं असतं आणि त्याचा वास रात्रीचा वाढतो, कारण ही सगळी तयारी अंधारात उडणाऱ्या पतंगांसाठी आहे. उजाडेपर्यंत ते मिटून लोंबतं. त्याच्याभोवती एरवी लिफ्टमध्ये फक्त मान हलवणारी माणसं जमतात, कुणी हळदकुंकू वाहतं, कुणाची पेंगुळलेली नात कडेवर असते, आणि तासभर गप्पा होतात. फुलाइतकीच मला ही बैठक महत्त्वाची वाटते. तुमच्याकडे कळी असेल तर एकट्याने बघू नका.

कढीपत्त्याच्या कुंडीलाही या दिवसांत जरा निरखून बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर लगेच पुसू नका. ती कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची लहान अळी असू शकते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती तशी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. ती बरीच पानं खाईल, हे खरं. आमटीची फोडणी चार दिवस कढीपत्त्यावाचून करावी लागली तरी करा. मग ती कोष करते, आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी त्यातून काळं फुलपाखरू बाहेर येतं. पंख वाळेपर्यंत ते तिथेच बसून राहतं. मुलांना शाळेला थोडा उशीर झाला तरी चालेल, पण हे त्यांना दाखवा.

आणि आता थोडं घराबाहेर. लांब कुठे नाही, पुणे-लोणावळा लोकलने. हा लोहमार्ग जुना आहे. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण घाटाचं काम पुरं व्हायला १८६३ उजाडलं. मधली काही वर्षं प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट उतरत आणि खाली पुन्हा गाडी धरत. आपल्याला घाट उतरायचाच नाही. तळेगाव मागे पडलं की इमारती विरळ होतात आणि मावळातली भातखाचरं सुरू होतात. वडगावलाच भात संशोधन केंद्र आहे, तिथे आंबेमोहोरापासून इंद्रायणी हा वाण तयार झाला, १९८७ च्या सुमारास तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि आज तो तुमच्याआमच्या कुकरमध्ये आहे.

सध्या तिथे लावणी चालली आहे, मावळात तिला आवणी म्हणतात. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बायका, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद, हातात रोपांची मूठ. रोपं नुकती टोचलेली असतात तेव्हा ती इतकी बारीक असतात की खाचरात पाणीच जास्त दिसतं, आणि त्या पाण्यात ढग आणि डोंगर. दोन-तीन आठवड्यांत रोपं जीव धरतात, पसरतात आणि पाणी झाकून टाकतात. पुढचा हिरवा रंगही सुंदर असतो, पण ढग दिसायचे ते आताच.

जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा. कामशेत गेल्यावर, ढग उतरलेले नसतील तर, विसापूर आणि लोहगड त्याच बाजूला दिसतात. मळवलीला उतरलात तर भाजे लेणी पायी जाण्याजोगी आहेत, सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. शनिवार-रविवारी तिथे धबधब्याची फार गर्दी होते, म्हणून जमलं तर मधला वार निवडा. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, रेनकोट घ्या. आणि खाचरांच्या बांधावरून चालू नका, नवीन लावलेली रोपं कडेलाच असतात.

नमस्कार.