डोंग्याला करंट लागला

मंडळी, केंद्रातल्या शिक्षकांपुढं बोलायला उभं राहिलं की मला जरा धाकधूकच होते. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी माझ्या चुका बाकावर बसून पाहिलेल्या आहेत. तेव्हा सुरुवात चुकीपासूनच करतो.

चौथीचा वर्ग होता. फळ्यावर मी लिहिलं, 'द बोट मूव्ह्ड विथ द करंट.' अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, डोंग्याले करंट लागला, म्हणून थो हालला." वर्ग हसला. मीही हसलो. 'करंट म्हणजे प्रवाह' असं लिहून पुढच्या धड्याला लागलो.

संध्याकाळी सायकलवरून परतताना त्याच्या बापाचं वावर लागलं. धुऱ्यावर झटका मशीनची तार. रानडुकरं पऱ्हाटीत शिरू नयेत म्हणून. हा शब्द त्या पोराला माझ्याआधीच भेटलेला होता, आणि चांगला झटका देऊन भेटलेला होता! त्याचं उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं. करंटचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ धावणं. नदीत पाणी धावतं, तारेतून वीज धावते. आणि गंमत बघा, आपणही 'विजेचा प्रवाह' म्हणतोच की! म्हणजे मी फळ्यावर लिहिलेल्या मराठी शब्दातही पोराचा करंट होताच. मला तो दिसला नाही, एवढंच.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण गावात ते त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलेलं आहे. आपल्याकडं 'लाईन गेली' म्हणजे वीज गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर सरकारी नियंत्रण आलं, आणि रेशनच्या दुकानाला आपल्या आयाबाया आजही 'कंट्रोल' म्हणतात. आता पुस्तकात 'ड्रॉ अ लाईन' आलं की पोरगं बुचकळ्यात पडणारच. त्याला येत नाही म्हणून नव्हे; शब्द येतो, फक्त तो आपल्या घरचा येतो. धडा उघडण्याआधी मी तर आता सरळ विचारतो, "हा शब्द तुमच्या घरी कुठं असतो?" दोन मिनिटं जातात. जाऊ द्या.

गोंदियाकडं एका शाळेत गेलो होतो. पुस्तकात लांब मानेचा पक्षी, खाली लिहिलेलं 'क्रेन'. एक मुलगी म्हणाली, "सर, हे चुकलं. हा तं सारस होय. क्रेन विहिरीवर राह्यते." त्या पोरींनी सारस धानाच्या बांधीत उभा पाहिलेला, जोडीनं. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच पक्षी. आपल्या राज्यात तो मुख्यत्वे त्याच भागात उरलाय. आणि विहीर खोदताना मलबा वर काढणारी क्रेनही रोजची. मी फळ्यावर दोन्ही काढलं. चित्रकला माझी बेताचीच, सारस कोंबड्यावर गेला. तरी मान लांब काढली आणि शेजारी क्रेनचा दांडा. कुणी काही बोलायच्या आत तीच मुलगी म्हणाली, "मानीवरून नाव पडलं काय?" हो, मानेवरूनच. इंग्रजीत मान उंच करून बघण्यालाही हाच शब्द आहे, तो मग तिला सांगावाही लागला नाही. तिनं स्वतःच मान लांबवून दाखवली.

प्रत्येक शब्दाला असं नातं नसतं, हेही खरं. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ यांचा काही संबंध नाही. दोन वेगळे शब्द हिंडत-हिंडत एका उच्चाराला आले. दिव्याचा लाईट आणि हलकं या अर्थाचा लाईट, तेच. तिथं ओढूनताणून गोष्ट रचू नका, 'नाव एक, माणसं दोन' म्हणा आणि पुढं चला.

मात्र अर्थांच्या याद्या पाठ करून घेणं बंद करा, ही माझी हात जोडून विनंती. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ ची आवृत्ती २० खंडांची. त्यात 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत. कुणाकुणाकडून पाठ करून घेणार? आपलं 'लागणं' बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, यवतमाळला जायला दोन तास लागतात, आणि ती बाई तुमची कोण लागते? सहा वर्षांचं पोर यातलं एकही चुकत नाही, कारण त्याला लागणं एकटं कधी भेटलंच नाही. ते भुकेसोबत भेटलं, ठेचेसोबत भेटलं. इंग्रजी शब्दही तसाच, शेजाऱ्यासकट द्या. शेजारी 'रिव्हर' असेल तर बँक म्हणजे काठ, 'पासबुक' असेल तर कर्जाची. कर्जाची बँक कोणती, ते इथं कुणाला शिकवायला नको.

मागच्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन तालुक्याच्या स्टँडवर बसलो होतो. पहिलीतलं पोर, 'स्टँड अप, सिट डाऊन' नुकतं शिकलेलं. बराच वेळ इकडंतिकडं पाहून म्हणाला, "आबा, हे स्टँड कसं? इथं तं सारे बसून हायेत." मी उत्तर जुळवतच होतो, तेवढ्यात शेजारच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "माणसं नाही रे, बस उभी राह्यते."

आमची बस काही उभी नव्हती, यायचीच होती.