गणपतीसाठी मुलीला पाळी लांबवायची गोळी द्यायची का?

नमस्कार मंडळी. श्रावण लागला की माझ्या कमेंटमध्ये एक प्रश्न हटकून येतो, तो यंदाही आलाय. "सिस्टर, मुलगी तेराची आहे, गणपतीत पाळी यायला नको, कुठली गोळी देऊ?" काही जण तर सांगतात की गोळी आणून ठेवलीय, फक्त कधी सुरू करू ते सांगा. आज त्यावरच बोलते. मुलींना शेजारी घेऊन बघा. मुलग्यांनाही बसवा, त्यांच्यासाठीही आहे यात.

वयात येणं म्हणजे काय ते भराभर सांगते, शाळेत शिकवतातच. मेंदूकडून पिट्युटरी ग्रंथीला इशारा मिळतो, तिच्याकडून मुलीच्या बीजांडकोशांना आणि मुलग्याच्या वृषणांना, मग तिथली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, कामाला लागतात. मुलींचं ८ ते १३ या वयात सुरू होतं. आधी छातीत दुखरी गाठ लागते, पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. मुलगे जरा मागून, ९ ते १४. घाम, मुरमं, काखेत केस, भराभर वाढणारी उंची हे दोघांनाही. मुलीला आठच्या आत छाती यायला लागली, किंवा पंधरा पूर्ण झाली तरी पाळी नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आता गोळी. बहुतेक वेळा ते नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरकाचं औषध असतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर ते धरून ठेवतं. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायची, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे सगळा हिशोब तारखेवर. आणि तेराव्या वर्षी तारीख सांगणार कोण? पहिली एक-दोन वर्षं बीज दर महिन्याला सुटतच नाही. पाळी २१ दिवसांनी येते, कधी ४५ दिवसांनी. चतुर्थीला येणार हे तुम्ही ठरवलंत कसं? कदाचित त्या आठवड्यात ती येणारच नव्हती, आणि पोरगी फुकट गोळ्या खात बसली.

दुसरं. उपकेंद्रात असताना, गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर एक आई मुलीला घेऊन आली. मळमळ, डोकं ठणकतंय, छातीला हात लावू देईना. आई म्हणाली, मोदक जास्त झाले असतील. मग पिशवीतून गोळ्यांची पट्टी निघाली. नाव होतं तो कोपरा कापून गेलेला, मागच्या चंदेरी कागदावर पेनाने '१-१-१' लिहिलेलं. ना वय विचारलेलं, ना वजन. कोणाला अर्धशिशी असते, कोणाच्या घरात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास असतो, हे विचारल्याशिवाय ही गोळी द्यायचीच नसते. आणि एवढं करून आरतीच्या वेळी थोडं रक्त गेलंच होतं. या गोळीने तसंही होतं.

"पण आमच्या डॉक्टरांनीच दिली" असं लिहिणाऱ्यांना सांगते, डॉक्टरांनी मुलीला तपासून, विचारून दिली असेल तर प्रश्नच नाही. मी बोलतेय ती दुकानातून नुसती मागून आणलेल्या पट्टीबद्दल.

आणि तिसरं, मला सगळ्यात लागतं ते. त्या मुलीला कोणी विचारलं का? वर्षभर ती गणपतीची वाट बघते. मखराचे कागद तिनेच कापलेत, दूर्वांच्या जुड्या तिनेच बांधल्यात, फुगडीला तीच पुढे. पाळी आली की तिला मागच्या पडवीत बसवायचं, किंवा बसवावं लागू नये म्हणून गोळी द्यायची, हे दोनच रस्ते का? माझ्या घरात पाळी आलेली मुलगी आरतीला उभी राहते. तुमच्या घरची रीत वेगळी असेल, तर तिला आधी एकटीला नीट सांगा. पंचवीस पाहुण्यांसमोर "तू लांब हो" असं ओरडू नका. पोरगी ते विसरत नाही.

शाळेत आठवड्याला मिळते ती लोहाची निळी गोळी मात्र चुकवू नका. जेवून घ्यायची. एका-दोन तासांत पॅड भिजत असेल, किंवा सात दिवसांच्या वर रक्त जात असेल, तर दवाखान्यात न्या.

कोकणातल्या पावसात पाळीच्या कपड्याचं फार बघावं लागतं. कपडा वापरता ना, मग तो दुसऱ्या कपड्याखाली लपवून न्हाणीत वाळत घालू नका. भाद्रपदात तो तिथे वाळतच नाही, आणि ओलसर वापरला की खाज, पुरळ ठरलेलं. पडवीत दोरीवर उघडा टाका, रात्री पंख्याखाली घ्या, वरून कडक इस्त्री फिरवा. पॅड वापरत असाल तर चार-सहा तासांनी बदला, कागदात गुंडाळा, पऱ्ह्यात, ओढ्यात टाकू नका.

आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनो, तुम्हाला हात जोडून विनंती. ओटीवर पाय ठेवल्याबरोबर "केवढी सुटलीस गो!", "मिशी फुटली वाटतं!" हे बंद करा. पाळीच्या आधी अंग भरतं, ते भरायलाच हवं. दोन चुलत बहिणी बारा-बारा वर्षांच्या, एक आईएवढी झालेली, दुसरी अजून फ्रॉकमध्ये. दोघींचंही ठीक चाललंय. त्यांना शेजारी उभं करून मापं घेऊ नका.

मुलग्यांचा आवाज आरतीत फाटतो आणि अख्खं घर हसतं. स्वरयंत्र वाढतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होतायत, काही महिने असं होणारच. हसलात की तो पुढच्या आरतीला टाळ घेऊन मागे जाऊन उभा राहतो. रात्री झोपेत वीर्य जाणं हेही तसंच साधं आहे, त्याने ताकद जात नाही. पण गणपतीत सगळी पोरं ओटीवर एकाच सतरंजीवर झोपतात. त्याला वेगळं अंथरूण-पांघरूण द्या, आणि सकाळी त्याने स्वतःची चादर धुतली तर "आज काय विशेष?" असं विचारू नका.

शेवटची कमेंट एका चौदा वर्षांच्या मुलाची. छाती थोडी वर आलीय, दुखते, आणि यंदा सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजेला बसायचंय. बाळा, जवळपास निम्म्या मुलग्यांना या वयात असं होतं. काही महिन्यांत, फार तर दोन वर्षांत ते बसतं. मलम लावू नकोस, दाबून बघत बसू नकोस. अंगावर उपरणं घे आणि पूजेला बस. एकाच बाजूला कडक गाठ असेल, किंवा त्यातून पाणी येत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात जा. तिथे किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, त्याची चौकशी कर. सिस्टरना सांगायला लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून दे, त्या समजून घेतात.