नेट नसलेल्या खोलीतलं गाइड

या खोलीत वीज येते, इंटरनेट येत नाही. रॅकमध्ये तीन सर्व्हर. त्यांचा मिळून कुबरनेटीसचा (अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणारी, सांभाळणारी सिस्टीम) एक क्लस्टर, म्हणजे जोडलेला गट, उभा करायचाय. टेबलावर एक हार्डडिस्क आणि इन्स्टॉलेशनचं छापील गाइड.

लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर हे गाइड बिनबोभाट चाललं होतं. तिथे नेट होतं ना! एखादी इमेज, म्हणजे प्रोग्रॅमचं तयार पॅकेज, सोबत घ्यायची राहिली, तर सिस्टीम ती गुपचूप बाहेरून ओढून घेते. चूक झाली हे कुणाला कळतही नाही.

सहावी पायरी: डिस्कवरच्या इमेजेस इम्पोर्ट करा. कमांड चालते, एररही नाही. पण क्युबअॅडम, म्हणजे क्लस्टर उभारून देणारा प्रोग्रॅम, पहिल्याच तपासणीत अडतो, इमेज ओढता येत नाही म्हणतो. आत्ताच तर भरली! घोळ असा, की इमेजेस साठवून चालवणारा प्रोग्रॅम, कंटेनरडी, त्या वेगवेगळ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे कप्प्यांत, ठेवतो. काही न सांगता इम्पोर्ट केलं, तर त्या ‘डीफॉल्ट’मध्ये जातात. कुबरनेटीस शोधतो ‘के-एट-एस डॉट आय-ओ’मध्ये. डबा शेजारच्या घरी ठेवायचा आणि आपल्या फडताळात हुडकत बसायचं, त्यातली गत. लाल पेनाने कमांडमध्ये नेमस्पेस सांगणारे दोन शब्द वाढले. ते सापडायला अख्खी दुपार गेली.

पुढची चूक त्याहून छुपी. इमेजमधून चालू झालेला प्रोग्रॅम म्हणजे कंटेनर, आणि एकत्र चालणारे कंटेनर म्हणजे पॉड. प्रत्येक पॉडच्या आधी ‘पॉज’ नावाचा एक चिमुकला कंटेनर उभा राहतो. कुबरनेटीस १.२८च्या यादीत पॉज ३.९ आहे, म्हणून गाइडने तोच सोबत घ्यायला सांगितला. कंटेनरडी १.७च्या सेटिंगमध्ये मात्र मुळातच ३.८ लिहिलेलं असतं. क्युबअॅडम तशी सूचना देतो, पण नुसती वॉर्निंग. ती कोण वाचतो? चार मिनिटं वाट बघून सगळं कोसळतं. आता गाइडमध्ये कंटेनरडीच्या फाइलची ती ओळ बदलायची नवी पायरी आली आहे.

एका पानावर रजिस्ट्रीचा, म्हणजे कुबरनेटीसच्या इमेजेसच्या ऑनलाइन भांडाराचा, जुना पत्ताही निघाला. ३ एप्रिल २०२३पासून तिथे नव्या इमेजेस येणं बंद आहे. तो खोडला.

सर्व्हर पुसून कोरे केले. या वेळी गाइड न लिहिलेला माणूस कीबोर्डवर बसलाय, एकेक ओळ वाचून टाइप करतोय. सहावी पायरी पार. पॉज उभा राहिला. तिन्ही नोड, म्हणजे सर्व्हर, यादीत दिसतात... आणि तिघांपुढे ‘नॉट रेडी’.

पॉडना आपसात जोडणारं नेटवर्क प्लगइन नसेल, तर नोड तयार होत नाहीत; आणि त्याच्या इमेजेस क्युबअॅडमच्या यादीत नसतातच. त्या वेगळ्या आणाव्या लागतात.

इमेजेस गोळा करायच्या दुसऱ्या पायरीखाली एक ओळ वाढते. हार्डडिस्क पुन्हा खोलीबाहेर निघते.