मामला ते भोसी: साथ गांभीर्यानं घेणं म्हणजे काय

(अंबाजोगाई येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

बंधू-भगिनींनो,

नव्या साथीची बातमी आली की आपल्याकडे दोन दिवसांत दोन तट पडतात. एक म्हणतो, काही नाही, सर्दी-पडशाचाच प्रकार, औषध कंपन्यांचा खेळ. दुसरा म्हणतो, सगळं बंद करा, बाहेरचं माणूस गावात घेऊ नका. पारावर हेच, एसटीत हेच, लग्नाच्या पंगतीतही हेच. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीचं नाव टीव्हीवर आलं तेव्हाही असंच झालं. तो विषाणू २००१ सालीच ओळखला गेलेला आहे. पण बातमी 'नवीन विषाणू' अशी आली आणि लोक पुन्हा मास्क शोधू लागले.

मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना साथरोग शिकवले. 'घाबरायचं की नाही' यावर आपण जो वाद घालतो तो मला निष्फळ वाटतो. वाद घालायचाच तर तीन गोष्टींवर घालावा. आज आपल्या तालुक्यात नेमकं काय करायचं? त्याची झळ कोण सोसणार? आणि केलं ते बरोबर की चूक, हे किती दिवसांनी, कोणत्या आकड्यावरून ठरवायचं?

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करतो. बीड जिल्ह्यातलं मामला गाव, ऑगस्ट १९९४. घरांत पिसवा फार झाल्या, उंदीर मरून पडू लागले. महिनाअखेरीला ताप आणि जांघेत, काखेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येणाऱ्या प्लेगची ही लक्षणं. भारतात माणसांमधला प्लेग १९६६ नंतर नोंदलाच गेला नव्हता, त्यामुळे तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला. त्याआधी वर्षभर, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. लोकांनी भीतीनं घरं सोडली, धान्य आतच राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं एक कारण तेव्हा मांडलं गेलं.

आपल्या पणजोबांच्या काळी उंदीर पडल्याचं कळलं की गाव रिकामं व्हायचं. लोक रानात खोपी घालून राहायचे आणि साथ ओसरली की परतायचे. प्लेगचा जंतू कसा दिसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण उंदरांच्या घरापासून दूर व्हायचं, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. लक्षण दिसलं की काय करायचं, हे आधीच ठरलेलं असायचं. आपल्या लोकांकडे असलेलं हे शहाणपण आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

मामल्यानंतर तीन-चार आठवड्यांत सुरत. तिथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून निघाले. त्यांत खासगी डॉक्टरही होते. प्लेगवर चालणाऱ्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. परदेशी विमानं थांबली, निर्यात अडली. देशभरातले मृत्यू साठच्या आत राहिले. मग वाद सुरू झाला की हा प्लेग होता तरी का? सरकारनं डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं प्लेगच असल्याचं सांगितलं. पुढे जंतूच्या जनुकीय तपासणीतूनही तेच निघालं.

विद्वानांचा तो वाद चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. निदान पक्कं व्हायलाच हवं. पण टेट्रासायक्लिन स्वस्त, जुनं, हाताशी असलेलं औषध. तापाच्या संशयित रुग्णाला ते लगेच दिलं आणि नंतर प्लेग नाही निघाला, तर नुकसान किरकोळ. वाट पाहिली आणि प्लेग निघाला, तर माणूस गेला. म्हणून वाद मिटायच्या आधीच गोळी द्यायची. शहर रिकामं करणं मात्र असं किरकोळ नाही; आजारी माणूस गाडीत बसून दुसऱ्या गावी गेला तर साथही त्याच्याबरोबर जाते. एकाच साथीत एक पाऊल ताबडतोब उचलण्यासारखं असतं आणि दुसरं दहादा विचार करून. आपण मात्र सगळ्या पावलांची एकच मोट बांधतो आणि मग 'गंभीर' विरुद्ध 'गंभीर नाही' असं भांडतो. १९९५ नंतर सुरतेनं कचरा आणि गटारांचं काम मनावर घेतलं. ती साफसफाई वाया गेली असं आजवर मी कोणाकडून ऐकलेलं नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण वाद पेटतो तो आकड्यांवरच. साथीच्या पहिल्या महिन्यातला मृत्युदर दोन्ही बाजूंनी फसवतो. दवाखान्यात आधी पोचतात ते फार आजारी असलेले. घरीच बरे झालेले मोजलेच जात नाहीत. त्यामुळे रोग आहे त्याहून भयंकर दिसतो. उलट, आज लागण झालेला माणूस दगावला तर दोन-तीन आठवड्यांनी दगावतो. साथ वेगानं वाढत असताना रुग्ण आजचे आणि मृत्यू मागच्या पंधरवड्याच्या लागणीचे, त्यामुळे रोग आहे त्याहून सौम्यही दिसतो. पहिल्या महिन्यात कोणी ठामपणे टक्के सांगू लागला, तर त्याला विचारा की हे दोन दोष तुम्ही कसे दुरुस्त केले.

दुसरं दुपटीचं गणित. दर तीन दिवसांनी रुग्ण दुप्पट होत असतील तर आज दहा असलेले पंधरा दिवसांनी तीनशे वीस होतात आणि महिन्यानं दहा हजारांच्या वर जातात. तिसऱ्या दिवशी वीस रुग्ण पाहून 'एवढ्यासाठी एवढा गाजावाजा?' असं वाटणं साहजिक आहे. पण उपाय स्वस्त असतो तो तेव्हाच. दहा घरांना आठवडाभर शिधा पोचवणं ग्रामपंचायतीला जमतं. दहा हजार घरांना कोणालाच जमत नाही.

१९१८ चा इन्फ्लुएंझा आठवा. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून पहिली लाट आली. ती तुलनेनं सौम्य होती, आणि आला ताप, गेला ताप, असं झालं. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट मात्र भयंकर निघाली. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. भारतात १ कोटी २० लाखांहून अधिक माणसं गेल्याचा अंदाज आहे. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतीत १ कोटी ३३ लाखांवर होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २४ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी नऊ लाखांनी घट. इन्फ्लुएंझा, प्लेग, दुष्काळ सगळं त्यात आलं, पण सर्वांत मोठा घाव इन्फ्लुएंझाचा.

आणि २०२१. फेब्रुवारीत आपण सगळे म्हणत होतो, गेला कोरोना. लग्नं लागली, बाजार भरले. एप्रिलमध्ये याच अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानात न्यावे लागले. त्याचं वर्णन मी करणार नाही. या सभागृहात त्यांचे नातेवाईक बसलेले असतील.

याचा अर्थ दरवेळी सगळ्यांत वाईट तेच धरून चालायचं, असा मात्र नाही. १९७६ साली अमेरिकेत एका लष्करी छावणीत स्वाइन फ्लूनं एक सैनिक गेला. १९१८ परत येतंय म्हणून सरकारनं साऱ्या देशाला लस टोचायचं ठरवलं. चार कोटींहून अधिक लोकांना टोचलीही. साथ आलीच नाही. लसीनंतर काही शे लोकांना गियाँ-बारे हा नसांचा आजार झाला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. माझ्या मते लस तयार करून ठेवण्याचा निर्णय अगदी योग्य होता. ती साठवून ठेवायची आणि दुसरीकडे कुठे रुग्ण सापडतो का ते पाहत राहायचं, हा मार्ग मोकळा होता. बनवणं आणि टोचणं हे दोन निर्णय एकत्र बांधले, तिथे चुकलं. २००९ ची एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लूची साथही अंदाजापेक्षा सौम्य निघाली, मग युरोपात 'बागुलबुवा केला' असे आरोप झाले. पण त्या साथीत जगभरात पहिल्याच वर्षी दीड ते पावणेसहा लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, त्यांत बहुसंख्य पासष्टीच्या आतली. ऑगस्ट २००९ मध्ये भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा होता.

आता झळ कोण सोसतो ते पाहू. इथे मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, औरंगाबादजवळच्या करमाडपाशी रेल्वे रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे कामगार. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं चालत निघाले होते आणि रेल्वे बंद आहे असं समजून रुळांवर टेकले होते. त्याच सुमारास आपल्या बीडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडांवर अडकले होते. लाखाहून अधिक माणसं, बैलं, कच्चीबच्ची. गावी यायची परवानगी निघाली तोवर एप्रिल अर्धा संपला होता. काहींना गावाच्या वेशीवर गावकऱ्यांनीच अडवलं.

ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होतो तो म्हणतो, 'लोकांना गांभीर्यच नाही.' ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो म्हणतो, 'हे सगळं थोतांड आहे.' या दुसऱ्या माणसाला अडाणी समजू नका. आपली किंमत कोणी धरलेली नाही हे त्याला कळलेलं असतं, आणि ते बोलायला त्याला दुसरे शब्द सापडत नाहीत. घरी थांब म्हणणाऱ्यानं पंधरा दिवसांची मजुरी आणि धान्य आधी त्याच्या दारात ठेवावं. मग रोग खरा की खोटा, यावर तो तुमच्याशी शांतपणे बोलेल.

हे घडू शकतं आणि आपल्याकडे घडलेलं आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यातलं भोसी हे सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. २०२१ मध्ये एका लग्नानंतर तिथे काही रुग्ण सापडले. गावात तपासणी शिबिर लावलं तर आकडा शंभरावर गेला. ज्यांना त्रास कमी होता त्यांना शेतात पाठवलं. ज्यांचा आखाडा, म्हणजे शेतातला निवारा, होता ते आखाड्यावर राहिले. ज्यांना शेत नाही अशा मजुरांसाठी शेतातच मोठी शेड उभारली. पंधरा ते सतरा दिवस. आशाताई, अंगणवाडीताई तिथे जाऊन ऑक्सिजन तपासायच्या, जेवण आणि औषधं पोचायची. साथ आटोक्यात आली. पणजोबा रानात खोपी घालायचे त्याचंच हे नवं रूप, फक्त हातात ऑक्सिमीटर. मला त्यातली शेड सर्वांत मोलाची वाटते. शेत नसलेल्याचा विचार आधी झाला, म्हणून तोही गेला.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. कोरोनात किती गेले यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. जागतिक आरोग्य संघटनेनं दोन वर्षांतल्या जादा, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेल्या, मृत्यूंचा अंदाज ४७ लाख सांगितला, आपल्या सरकारनं तो अमान्य केला. पुढे नागरी नोंदणीचे आकडे आले. २०२० मध्ये देशात ८१ लाखांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. कारणांवर चर्चा करा, पण एवढी माणसं जास्त गेल्याची नोंद झाली हे आता कागदावर आहे. तो कागद ग्रामसेवकाच्या टेबलावर तयार होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. या महिन्यात आपल्या गावात किती मृत्यू झाले आणि मागच्या तीन वर्षांत याच महिन्यात किती झाले होते, एवढं दर ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढची साथ खरी की बागुलबुवा, हे टीव्हीच्या आधी तुम्हाला कळेल.

(भाषणानंतर एका श्रोत्यानं विचारलं: "सर, बर्ड फ्लूचं काय? तो मनावर घ्यायचा का?")

चांगलं विचारलंत. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, त्यातही तोच. एच५एन१, म्हणजे हाच बर्ड फ्लू, माणसाला क्वचित होतो, आणि माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही. पण २००३ पासून जगात ज्यांना झाल्याची नोंद आहे त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. पहिल्या महिन्याच्या मृत्युदराबद्दल मी म्हणालो ते इथेही लागू आहे, सौम्य रुग्ण मोजले गेले नसतील. पण शिजवलेलं चिकन, अंडी सोडायचं कारण नाही, शाळा बंद करायचंही नाही. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवायचं नाही आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

अडचण पुढे आहे. भरपाई मिळते ती सरकारी पथकानं मारलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्या कोंबड्या मालकाच्या अंगावर पडतात. मग दोन-चार मेल्या की तो बाकीच्या घाईनं विकून टाकतो किंवा रात्री ओढ्याला फेकतो. मेलेल्या कोंबडीची खबर देणाऱ्यालाही पैसे मिळाले पाहिजेत, आणि महिन्याच्या आत. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव करा, प्रत जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आणि एक आमदारांना द्या. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. खाली उतरल्यावर भेटा.