हाडांना भार हवा

श्रोतेहो, नमस्कार.

२२ मार्च १९९५. कझाकस्तानच्या माळावर एक यान उतरलं. त्यातून व्हॅलेरी पोल्याकोव्ह बाहेर आले आणि काही पावलं स्वतः चालत जाऊन खुर्चीत बसले. ते 'मीर' अंतराळस्थानकात सलग ४३७ दिवस राहून परतले होते. पेशानं डॉक्टर. मंगळावर पोचलेल्या माणसाला आपल्या पायांवर उभं राहता येईल का, हे त्यांनी स्वतःच्याच शरीरावर ताडून पाहिलं होतं.

ही चार पावलं सोपी नव्हती. आपलं शरीर मोठं काटकसरी. जे वापरात नाही, ते ते सांभाळत बसत नाही. अंतराळात शरीराला वजन जाणवत नाही, म्हणजे कंबरेवर, मांड्यांवर भारच नाही, मग तिथलं हाड झिजू लागतं. काळजी घेतली नाही तर महिन्याला एक ते दीड टक्का. त्यातलं कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि मुतखड्याचा धोका वाढतो. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. तिथे डंबेल उचलून काय उपयोग? त्याला वजनच नाही! त्यासाठी निर्वात नळकांड्यांचं यंत्र असतं. त्याचा दांडा ओढताना खरोखरीचा जोर लागतो. धावायचं तर पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलकडे खेचून घ्यायचं.

झोपेचीही ओढाताण असते, कारण दिवसाला सोळा सूर्योदय होतात. पण मला जास्त काळजी वाटते ती अचानक उद्भवणाऱ्या दुखण्याची. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातल्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. त्रास काहीच नव्हता. संशोधनासाठी सोनोग्राफी चालली होती, म्हणून कळलं. २०२० साली ही हकिकत प्रसिद्ध झाली. पृथ्वीवरून डॉक्टर सल्ला देत होते, तिथली मोजकी इंजेक्शनं पुरवून पुरवून वापरली, पुढे मालवाहू यानातून गोळ्या पोचल्या. माणूस सुखरूप परतला.

हे स्थानक जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे. मंगळाच्या वाटेवर मात्र मागून गोळ्या येणार नाहीत. मंगळ दूर असताना तर प्रश्न विचारून उत्तर यायला चाळीस मिनिटांहून जास्त वेळ लागू शकतो. पोल्याकोव्हांसारखा डॉक्टर सोबत असेलही, पण तोच आजारी पडला तर? निदान आणखी एकाला तरी टाके घालणं, सोनोग्राफी करणं, शीर शोधून सुई टोचणं हाताला बसेपर्यंत शिकवल्याशिवाय ते यान निघूच नये, असं मला मनापासून वाटतं.