पतंगाला बांध ठाऊक नसतो

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

फवारणी वेळेवर झाली, औषधाचं प्रमाणही बरोबर होतं, तरी आठवड्याभरात पानांवर पुन्हा बारीक अळ्या. अशा वेळी आपण औषधाला दोष देतो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा त्या अळीची आई आपल्या शेतातली नसतेच. ती रात्री उडत आलेली असते. आज बोलायचं आहे ते या आईबद्दल, म्हणजे पतंगाबद्दल.

अंधार पडू लागला की पानावर बसलेला पतंग पंख थरथरवताना दिसतो. उडण्याआधी तो स्नायू तापवून घेत असतो. मग कुणी शेजारच्या ओळीवर जाऊन बसतो, तर कुणी सरळ वर चढतो, काहीशे मीटर उंच, जिथे रात्रीचा वारा जोरात वाहतो. रडारवर अशा उंचावरच्या पतंगांचे थर स्पष्ट दिसले आहेत. वाऱ्याची साथ मिळाली तर लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. अमेरिका खंडातली ही कीड 2016 मध्ये पश्चिम आफ्रिकेत आढळली, 2018 मध्ये भारतात, 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात. सगळंच अंतर पंखांनी कापलं असं मात्र समजू नका. मालाच्या वाहतुकीतूनही किडी पसरतात.

लांबचा प्रवास मादी बहुधा अंडी घालण्याआधीच उरकते. उतरली की कामाला लागते. लष्करी अळीची मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते आणि वर अंगावरची करडी लव पसरते. लांबून पानावर बुरशी धरल्यासारखं वाटतं. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, आणि इवल्याशा अळ्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी. तिचे पतंग बरेचसे जवळपासच राहतात, आणि अळी सरकीत, वाळलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून बसते. म्हणून तिथे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, वेळेवर नायनाट करण्याला फार मोल आहे. पण तो साऱ्या शिवाराने एकदम करावा लागतो. एकट्याने शेत साफ केलं आणि पलीकडे पऱ्हाट्या उभ्या राहिल्या, तर पतंग तिथून येणारच.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती औषधाला दाद न देणाऱ्या किडीची. एकाच गटाचं, म्हणजे किडीला एकाच पद्धतीने मारणारं, औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्यातून वाचलेले पतंग तो गुण घेऊन उडतात आणि ज्यांनी ते औषध कधी वापरलंही नाही, त्यांच्या पिकावर उतरतात. बीटी कपाशीच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष असतं. तिच्यासोबत साधी कपाशीही लावायला सांगतात, त्यामागेही पतंगाचं उडणंच आहे. बीटीतून वाचलेल्या पतंगाला जोडीदार साध्या कपाशीतला, जवळच मिळावा, म्हणजे तो गुण पातळ होत जातो.

मादीच्या वासाने पतंगाला ओढणारे कामगंध सापळे लावले असतील तर रोज सकाळी पतंग मोजून लिहून ठेवा. सापळ्यात येतात ते नर. बाहेरून मीलन करून आलेली मादी त्यात दिसत नाही. म्हणून आकडा एकदम चढला, की पुढचे तीन-चार दिवस पानं उलटून पाहा आणि अंड्यांचे पुंजके हाताने चिरडा. आणि वारा ज्या दिशेला वाहतोय, तिकडच्या गावात त्याच दिवशी फोन करा.